पिसांचा तारला : खाऱ्या पाण्यातल्या गळासाठी छोटा मासा कसा बांधावा



आपल्या शाळेचा एक माजी विद्यार्थी अमेरिकेतील मायामी बंदरातून सुटणाऱ्या प्रवासी बोटीवर स्वयंपाकघरात काम करतो. गेल्या पावसाळ्यात तो रजेवर आला तेव्हा शाळेत भेटायला आला, आणि जाताना चॉकलेटचा एक जुना पत्र्याचा डबा माझ्या हातात ठेवून गेला. डब्यात चॉकलेटे नव्हती. थर्मोकोलच्या तुकड्यावर ओळीने खोचलेले केसांचे आणि पिसांचे पंधरा-वीस झुपके होते. कुणी पांढरे-हिरवे, कुणी पांढरे-निळे, मध्ये चंदेरी धागे. शिक्षकांच्या खोलीतील आमच्या एका बाईंना ती टोपीला लावायची फुले वाटली. मी एक उचलून पाहिले, तर झुपक्याच्या पोटात गळ होता.

त्या डब्यामुळे आठवीच्या कार्यानुभवाच्या तासांना जे सुरू झाले, ते वार्तापत्रात लिहावे असे मुख्याध्यापकांनी सुचविले. लिहायला आणखी एक कारण आहे. पालक सभेत या उपक्रमाविषयी दोन प्रश्न विचारले गेले आणि मला त्यांची उत्तरे तेव्हा नीट देता आली नाहीत. एक प्रश्न विश्वस्तांचा होता : मुलांच्या हाती गळ देणे सुरक्षित आहे का? दुसरा एका पालकांचा. ते म्हणाले, "सर, आमच्या घरी चार पिढ्या रापण ओढतात. मासे धरायचे ते खायला आणि विकायला. पिसे बांधून माशांशी खेळायला शिकावे म्हणून मी मुलाला शाळेत पाठवत नाही." दोन्ही प्रश्नांकडे मी येणारच आहे. पण आधी ही वस्तू काय आहे ते पाहू.

माशी नसलेली माशी

इंग्रजीत हिला फ्लाय म्हणतात, म्हणजे माशी. नाव नदीतल्या माशांमुळे पडले. डोंगराळ नद्यांतील ट्राउट मासा पाण्यावर पडणारे किडे खातो. खरा किडा गळाला टोचला तर चिरडतो, म्हणून लोकांनी लोकर आणि पिसे गुंडाळून खोटा किडा केला. ही युक्ती फार जुनी आहे. सुमारे अठराशे वर्षांपूर्वी एलियन नावाच्या रोमन लेखकाने मॅसिडोनियातील मासे धरणाऱ्यांविषयी लिहिले, की ते गळाला लाल लोकर गुंडाळतात आणि तिच्यावर कोंबड्याच्या गळ्याखालची मेणाच्या रंगाची दोन पिसे बांधतात.

समुद्रात आणि खाडीत मात्र मोठा मासा किड्यांवर जगत नाही, तो लहान मासे खातो. म्हणून खाऱ्या पाण्यात लोकांनी किड्याऐवजी लहान मासा बांधायला सुरुवात केली. वस्तू बदलली, नाव तेच राहिले. आपल्याकडचा चोणक तारल्याच्या किंवा शेवटाळ्याच्या पिल्लावर झडप घालतो. तेव्हा आपली 'माशी' खरे तर तारला आहे.

आपली नेहमीची गरी टाकताना शिसे जड असते आणि ते तंगुसाला आपल्यामागे ओढत नेते. फ्लायची रीत याच्या उलट आहे. तिथे दोरीच जाड आणि वजनदार असते. काठीने ती चाबकासारखी मागे-पुढे फिरवतात आणि टोकाची हलकी फ्लाय तिच्यामागून जाते. यातून बांधणाऱ्यावर एक अट येते. फ्लाय पाण्यात माशाएवढी दिसली पाहिजे, पण हवेत तिला वजन असता कामा नये. भिजलेल्या लोकरीसारखी ती पाणी धरून बसली तर काठी वळवणाऱ्याचा हात दुखेल आणि फ्लाय लांब जाणार नाही. पुढे जे जे साहित्य सांगतो त्याची निवड या एका अटीने झालेली आहे.

दोन अमेरिकन मासे

डब्यातल्या फ्लाय मुख्यतः दोन जातींच्या होत्या.

पहिली लेफ्टी क्रे या मेरीलँड राज्यातील गृहस्थांची. चेसापीक उपसागरातील पट्टेरी बास माशासाठी त्यांनी ती १९५० च्या दशकाच्या शेवटी तयार केली. तिचे नाव डिसीव्हर, म्हणजे फसव्या. त्या काळच्या फ्लायमध्ये लांब पिसे फेकताना गळाच्या वाकाभोवती गुरफटत आणि मग ती माशासारखी पोहत नसे. क्रे यांनी पिसे पुढे न बांधता दांड्याच्या अगदी मागच्या टोकाला बांधली. गुरफटायला जागाच उरली नाही. पुढच्या बाजूला त्यांनी हरणाच्या शेपटीच्या केसांची गोल झालर लावली. तिने माशाचे जाड डोके झाले आणि मागची पिसे शेपटी झाली. १९९१ साली अमेरिकेच्या टपाल खात्याने फ्लायची चित्रे असलेली २९ सेंटची तिकिटे काढली, त्यात ही फसवीही आहे. क्रे २०१८ साली वारले.

दुसरी बॉब क्लाउझर यांची. ते पेनसिल्व्हेनियाचे. सस्क्वेहॅना या गोड्या पाण्याच्या नदीतील बास माशासाठी त्यांनी १९८७ साली ती बांधली. डंबेलच्या आकाराचे शिशाचे दोन डोळे त्यांनी गळाच्या दांड्यावर, पुढच्या टोकापासून थोडे मागे, बांधले. वजन वरच्या बाजूला बांधले, त्यामुळे पाण्यात पडताच गळ उलटा होतो, टोक आकाशाकडे राहते आणि तळच्या दगडांत, शिंपल्यांत अडकत नाही. शिवाय दोरी ओढली की फ्लाय वर उचलली जाते, थांबली की डोके खाली करून बुडते. जखमी माशाची चाल हीच. ही युक्ती नदीसाठी केली होती, पण समुद्रातही ती इतकी चालली की आज खाऱ्या पाण्यात फ्लाय टाकणाऱ्यांपैकी जवळजवळ प्रत्येकाच्या डब्यात ती सापडते.

आम्ही क्लाउझरची निवडली. तिला पिसे लागत नाहीत, गाठी कमी, आणि चूक झाली तर पाण्यात लगेच कळते. हे शेवटचे कारण शिक्षकाला फार सोयीचे.

मासा काय पाहतो

पहिल्या शनिवारी मुलांनी जे बांधले त्याला मी मनात भांडी घासायचा काथ्या म्हटले. प्रत्येकाला वाटत होते, केस जितके जास्त तितका मासा खरा. एकीने तर तीन रंग, टिकल्या आणि शिवाय कापडी पंखही लावले. मी काही बोलण्याआधी, ज्यांच्या घरी रापण आहे तो मुलगा म्हणाला, "सर, तारला असा दिसत नाही. पाण्यात तो दिसतच नाही. लकाकतो आणि जातो."

मी पुस्तकातून जे सांगणार होतो ते त्याने एका वाक्यात सांगितले. त्याचे शास्त्र असे.

तारला, बांगडा, पेडवे, कोणताही उघड्या पाण्यातला मासा घ्या. पाठ गडद, निळसर-हिरवी; कुशी चंदेरी; पोट पांढरे. सूर्यप्रकाश वरून येतो, म्हणून पाठीवर उजेड पडतो आणि पोटाखाली सावली. पाठ गडद आणि पोट फिके असले की उजेड-सावली एकमेकांना खाऊन टाकतात आणि माशाची गोलाई नाहीशी होते. अमेरिकन चित्रकार ॲबट थेयर यांनी १८९६ साली या गोष्टीकडे लक्ष वेधले. चित्रकारालाच ते सुचले यात नवल नाही. सपाट कागदावर छटा देऊन गोलाई आणणे हे त्याचे काम, आणि निसर्ग छटा उलट्या देऊन ती घालवतो आहे हे त्याला दिसले.

कुशीची चांदी ग्वानिन या द्रव्याच्या पातळ स्फटिकांची असते. (दहावीच्या मुलांनी हे नाव डीएनएच्या धड्यात वाचले असेल. तेच ते.) हे स्फटिक आरशासारखे काम करतात. भोवतालचे पाणी जसे असेल तसा मासा दिसतो, म्हणजे दिसत नाही. पण तो घाबरून वळला किंवा जखमी होऊन तिरपा झाला की आरशाचा कोन चुकतो आणि क्षणभर लखकन चमक उठते. चोणक त्या चमकेची वाट पाहत असतो.

तेव्हा बांधणाऱ्याने मासा 'काढायचा' नाही. गडद पाठ, फिके पोट, मधून मधून एखादी चमक आणि एक ठळक डोळा, एवढे दिले की बाकीचे चोणक स्वतः पूर्ण करतो. खवले, कल्ले, पंख हे आपल्या समाधानासाठी. केस विरळ असले की त्यांच्यातून उजेड आरपार जातो, पाणी त्यांना हलवते आणि झुपका श्वास घेतल्यासारखा फुगतो-मिटतो. दाट केस लाकडासारखे जातात. आम्ही नियम केला : एका रंगाचे केस चिमटीत दाबले की आगकाडीपेक्षा जाड नसावेत. मुलांना हे सर्वांत जड गेले. मलाही गेले.

साहित्य

अमेरिकेत यासाठी पांढऱ्या शेपटीच्या हरणाच्या शेपटीचे केस वापरतात. आपण ते वापरायचे नाहीत, आणि घरात आजोबांच्या वेळचे चितळाचे कातडे असले तरी त्याला कात्री लावायची नाही. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ सालापासून आहे आणि वन्य प्राण्याचे अवयव बाळगणे हा छंद म्हणून खपत नाही. बाजारातून मागवता येणाऱ्या परदेशी साहित्याची किंमतही आपल्याला परवडणारी नाही. सुदैवाने आपल्या गावात याहून सोपे साहित्य आहे.

पांढऱ्या केसांसाठी खाटकाकडून पांढऱ्या बोकडाचे लांब केस आणले. साबणाच्या कोमट पाण्यात दोनदा धुतले, सावलीत वाळवले आणि डांबरगोळ्यांसोबत डब्यात ठेवले. हिरव्या-निळ्या पाठीसाठी ट्रॉलरची दोरी. १ जून ते ३१ जुलै हे ६१ दिवस यांत्रिक बोटींना समुद्रबंदी असते, तेव्हा शापोऱ्याच्या जेटीवर दोऱ्यांचे तुटके तुकडे हवे तेवढे मिळाले. वीतभर तुकडा घेऊन पीळ सोडवायचा आणि जुन्या फणीने विंचरायचा. इथे एक सूचना. सर्व दोऱ्या सारख्या नाहीत. पेलाभर पाण्यात तंतू चांगला ओला करून बुडवा. पॉलिप्रॉपिलीनचा तंतू पुन्हा वर येईल, नायलॉनचा तळाला जाईल. पॉलिप्रॉपिलीन पाण्यापेक्षा हलके, नायलॉन जड. दोन्ही चालतात, पण आपल्या हाती काय आहे ते ठाऊक हवे. एका मुलीने आईच्या जुन्या काळ्या गंगावनातले केस आणले, ते पाठीला फार सुंदर बसले.

चमकेसाठी नाताळच्या ताऱ्याची चंदेरी झालर. तिच्यातले सहा ते आठ धागे पुरेत, सगळी झालर नको.

डोळ्यांसाठी शिसे नको. जाळ्याला लावायचे शिशाचे मणी गावात सगळीकडे मिळतात, पण शिसे विषारी आहे, लहान मुलांच्या बोटांना लागून पोटात जाते, आणि तुटलेल्या फ्लायबरोबर नदीच्या तळाशी राहते. बेसिनच्या बुचाला जी मण्यांची साखळी असते तिचे दोन मणी, मधली काडी तशीच ठेवून, पकडीने तोडले की डंबेल तयार.

गळ दोन नंबरचा, लांब दांड्याचा. गळांच्या नंबरांचा हिशेब विचित्र आहे. एकपर्यंत आकडा वाढला की गळ लहान होतो, म्हणजे आठ नंबरचा गळ दोन नंबरापेक्षा लहान. आणि एकाच्या पुढे एक-शून्य, दोन-शून्य असे म्हणत तो मोठा होत जातो. दुकानात नंबर सांगून न घेता डोळ्यांनी पाहून घ्या. याखेरीज शिलाईचा मजबूत पांढरा नायलॉन दोरा, फेविक्विक, रंगहीन नेलपॉलिश, लहान कात्री आणि गळ धरायला सुताराचा छोटा व्हाइस. दोरा सैल पडू नये म्हणून त्याच्या रिळाला कपडे वाळत घालायचा चिमटा लावून खाली लोंबता सोडला. त्या वजनाने तो ताठ राहतो आणि दोन्ही हात मोकळे मिळतात.

कृती

सर्वांत आधी पकडीने गळाच्या टोकामागचा उलटा काटा दाबून सपाट करावा. हे केल्याशिवाय गळ व्हाइसमध्ये लावायचा नाही. मग गळ टोक खाली येईल असा आडवा पक्का करावा, आणि टोकावर थर्मोकोलचा तुकडा खोचावा.

दोऱ्याची सुरुवात गळाच्या भोकामागे करावी. वेढे शेजारी-शेजारी लावत दांड्याच्या दोन-तृतीयांशापर्यंत जाऊन परत यावे. नुसत्या गुळगुळीत पोलादावर केस टिकत नाहीत, दोऱ्याच्या या बिछान्यावर टिकतात. मणी भोकापासून दांड्याच्या एक-तृतीयांश अंतरावर, दांड्याच्या वरच्या अंगाला आडवे ठेवावेत आणि इंग्रजी आठाच्या आकड्यासारखे दहा-बारा तिरपे वेढे द्यावेत. शेवटी मण्यांखालून आणि दांड्यावरून आडवे चार-पाच वेढे घट्ट ओढावेत, म्हणजे आधीचे वेढे आवळले जातात. मणी बोटाने हलत नाहीत असे झाले की फेविक्विकचा एक थेंब. समोरून पाहून मणी दोन्ही बाजूंना सारखे आहेत की नाही ते तपासा. इथे तिरपे राहिले तर मासा जन्मभर कुशीवर पोहणार.

आता पांढरे केस. त्यांची लांबी दांड्याच्या अडीच ते तीन पट. झुपका मण्यांच्या पुढे बांधावा, मग तो दोन मण्यांच्या मधल्या खाचेतून मागे न्यावा आणि मण्यांच्या मागेही तीन-चार वेढे देऊन दांड्याला बसवावा. मागचे वेढे फार घट्ट नकोत, केस फिस्कारतात. दोरा पुन्हा मण्यांच्या पुढे आणावा.

यानंतर गळ व्हाइसमधून काढून उलटा लावावा, टोक वर. थर्मोकोल आहे ना ते पाहावे. मण्यांच्या पुढेच आधी चंदेरी धागे बांधावेत आणि त्यांच्यावर हिरवे किंवा निळे केस. हे मण्यांच्या मागे बांधायचे नाहीत, मोकळे सोडायचे. गळाचे टोक त्यांच्यातून वर आलेले दिसेल. पुढच्या बाजूला उरलेली केसांची बुडखी तिरपी कापून, दोऱ्याने झाकून निमुळते डोके करावे.

शेवटची गाठ मुलांना जमेना. तिला खास आकडा मिळतो, आपल्याकडे नाही. आम्ही बॉलपेनची रिकामी नळी घेतली. नळीभोवती दोऱ्याचा एक फास घ्यायचा, नळीचे तोंड गळाच्या भोकावर टेकवायचे, फास डोक्यावर सरकवून ओढायचा. असे चार-पाच वेळा. मग दोरा कापून डोक्यावर नेलपॉलिशचे दोन हात.

दोरीचे तंतू वापरले असतील तर आणखी एक काम उरते. खऱ्या केसाचे टोक आपोआप निमुळते असते, दोरीच्या तंतूंचे सगळ्यांचे एका रेषेत कापलेले. त्यामुळे फ्लाय रंगाच्या ब्रशसारखी दिसते. कात्री आडवी न धरता केसांच्या दिशेने उभी धरावी आणि थोडे-थोडे कातरत टोके वर-खाली करावीत.

फसवी बांधायची असेल तर मणी नकोत. दांड्याच्या मागच्या टोकाला गावठी कोंबड्याच्या पाठीवरची लांब पांढरी पिसे, तीन एका बाजूला आणि तीन दुसऱ्या, अशी की ती एकमेकांकडे वळतील. थोडी चमक. भोकामागे केसांची विरळ गोल झालर, वरच्या अंगाला गडद. झाले. ब्रॉयलरची पिसे आखूड असतात, ती चालत नाहीत.

उलटे तारले

तिसऱ्या शनिवारी सर्वांच्या फ्लाय शाळेच्या पाण्याच्या टाकीत सोडल्या. बत्तीस फ्लायपैकी अठरा उलट्या निघाल्या. पोट हिरवे आणि पाठ पांढरी! मुलांनी मण्यांच्या बाजूला हिरवे केस बांधले होते, कारण टेबलावर ती बाजू वर होती. पाण्यात मणी खाली जातात, टोक वर येते आणि टेबलावरची पाठ पोट होते. हे मी फळ्यावर दोनदा काढून दाखवले होते. तरी अठरा. फळ्यावर पाणी नसते, हे माझ्या तेव्हा लक्षात आले.

एका हुशार मुलाने बचाव केला की मेलेला मासा पोट वर करून तरंगतो, तेव्हा आपला उलटा तारला म्हणजे मरायला टेकलेला तारला. बचाव इतका चांगला होता की मी त्याला गुण दिले. फ्लाय मात्र सोडून पुन्हा बांधायला लावली.

टाकीने आणखीही दोष दाखवले. मणी तिरपे असलेल्या फ्लाय कुशीवर पडल्या. पॉलिप्रॉपिलीन जास्त झालेल्या बुडायलाच तयार नव्हत्या. कोरड्या केसांत हवा अडकते हेही तिथेच कळले. पाण्याखाली चिमटीत धरून दाबल्यावर बुडबुडे निघाले आणि फ्लाय बुडाली. सहाव्या शनिवारी बत्तीसपैकी सव्वीस सरळ पोहल्या.

धोक्याविषयी

विश्वस्तांच्या प्रश्नाचे उत्तर मी माझ्या अंगठ्यावरून देतो. वर्ग सुरू करण्यापूर्वी घरी सराव करताना मी काटा दाबायचा आळस केला आणि गळ अंगठ्यात घुसला. उलट्या काट्यामुळे तो मागे येईना. आरोग्य केंद्रात डॉक्टरांनी तो पुढे ढकलून, काटा बाहेर काढून कापला, मग दांडा मागे ओढला. धनुर्वाताचे इंजेक्शन वेगळे. काटा दाबलेला असता तर गळ आला तसा निघाला असता. म्हणून काटा दाबणे ही पहिली पायरी आहे आणि ते काम प्रत्येक गळाचे मी स्वतः करतो. टोकावर थर्मोकोल राहते, मुले साधा चष्मा घालतात, गळ मोजून देतो आणि मोजून परत घेतो. फेविक्विकची बाटली माझ्याच खिशात असते. एका वेळी आठच मुले बांधतात, बाकीची विंचरणे आणि कातरणे करतात. सहा शनिवारांत दोन बोटांना टोचले. जखम सुईच्या टोचण्याएवढी होती, दोन्ही पालकांना कळवले होते. हा उपक्रम धोका नसलेला आहे असे मी म्हणणार नाही.

दुसऱ्या प्रश्नाविषयी

ज्या पालकांनी तो विचारला ते पाचव्या शनिवारी वर्गाच्या दारात येऊन उभे राहिले. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग आत आले, एका मुलीच्या हातातली फ्लाय घेतली आणि गाठ नखाने सोडवून दाखवली. "ही सुटणार," म्हणाले. जाळे शिवताना ते दोरा ज्या तऱ्हेने आवळतात तसा त्यांनी तो आवळला, बॉलपेनच्या नळीशिवाय. आता अर्धा वर्ग त्यांच्या पद्धतीने बांधतो आणि ती नळीपेक्षा पक्की आहे.

चवथ झाल्यावर, नदीचे गढूळ पाणी निवळू लागले तेव्हा, पाच मुले आपापल्या पालकांसह शापोऱ्याच्या काठी आली. फ्लायची काठी आमच्याकडे नव्हती. बांबूची काठी, तंगूस, आणि फ्लायच्या हातभर वर एक लहान वजन, एवढ्यावर काम भागवले. दोन तास काही नाही. मग भरतीच्या पाण्यात, खारफुटीच्या मुळांजवळ, पांढऱ्या-हिरव्या फ्लायला वीत-चार बोटांचा एक चोणक लागला. मुलांत लगेच वाद. एक म्हणतो घरी न्यायचा, एक म्हणतो सोडायचा. मी चोणकाविषयी सांगितले : बहुतेक चोणक आधी नर असतात आणि काही वर्षांनी, मोठे झाल्यावर, मादी होतात. म्हणजे अंडी घालणारे तेच, जे ताटात सर्वांत शोभतात. आणि हा तर अजून नरसुद्धा नीट झालेला नव्हता. त्या पालकांनी तो हातात घेतला, गळ सहज निघाला, आणि "हा वाढायचा आहे" म्हणून पाण्यात सोडला. पण परतताना मला म्हणाले, "मोठा असता तर मी घरीच नेला असता, सर."

त्यांचे मत बदलले असे मी लिहिणार नाही, ते खरे होणार नाही. मासे खेळवून सोडून देण्याची अमेरिकन रीत मलाही सगळीच पटते असे नाही. ज्याच्या घरी मासा हे जेवण आहे त्याने तो सोडावा, असे सांगायचा मला अधिकार नाही. मी वर्गात फक्त बांधायला शिकवतो. मारायचे की सोडायचे हे काठावर पालकांनी ठरवावे आणि काठावर पालक असल्याशिवाय मुलाने जाऊ नये.

दुसऱ्या सत्रात नववीसाठी हा वर्ग घ्यावा की नाही याचा निर्णय विश्वस्त मंडळाच्या येत्या बैठकीत व्हायचा आहे. वर्ग मिळाल्यास पुढील साहित्य हवे आहे : पांढऱ्या बोकडाचे लांब केस, गावठी कोंबड्याची पांढरी पिसे (धुऊन), बुचाच्या जुन्या साखळ्या आणि नाताळ झाल्यावर उतरवलेले तारे. साहित्य पुड्यांत बांधून, वर मुलाचे नाव व इयत्ता लिहून, शिपायांकडे द्यावे. मोरपिसे आणि शिसे कृपया पाठवू नयेत.